बॅगांवर उभी राहिलेली माणसे

लंडनला गेलेला आपला माणूस राणीचा राजवाडा पाहील न पाहील, पण किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर पाहिल्याशिवाय परत येत नाही. १९२१-२२ च्या काळात विद्यार्थी असताना बाबासाहेब या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले आणि आज तेथे त्यांचे स्मारक आहे. या वास्तूविषयी आपल्या नियतकालिकांतून आणि जयंतीच्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहून आलेले आहे. तेच पुन्हा लिहून मी वाचक बंधू-भगिनींचा वेळ घेणार नाही. या घराला वंदन करून निघाल्यावर त्याच शहरात आणखी तीन ठिकाणे पाहिली, त्यांच्याविषयी मला सांगायचे आहे. या ठिकाणी तिकीट लागत नाही, रांग लागत नाही. तिथली शिल्पे आणि चित्रे राजांची नाहीत, सेनापतींची नाहीत. परमुलखातून पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्यांची आहेत.

माझी भाची लंडनच्या एका सरकारी इस्पितळात परिचारिका आहे. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसांत वाढलेली ही मुलगी आज सातासमुद्रापार रात्रपाळ्या करते. तिच्या आग्रहावरून शिल्लक असलेली अर्जित रजा मंजूर करून घेतली आणि आम्ही उभयता तिच्याकडे जाऊन आलो. बाबासाहेबांच्या घरातून बाहेर पडलो तेव्हा ती म्हणाली, "मामा, आता माझ्या आधी या शहरात कामाला आलेल्या लोकांना भेटायला चला." जवळच चॉक फार्म नावाचे भुयारी रेल्वेचे स्टेशन आहे. तेथून गाडी पकडून आम्ही वॉटर्लूला उतरलो.

वॉटर्लू हे आपल्या बोरीबंदरसारखे शेवटचे स्टेशन. चोवीस फलाट, आणि सकाळ-संध्याकाळ आपल्याकडच्यासारखीच धावपळ. या गर्दीत स्टेशनाच्या आतच ब्राँझचे बारा फूट उंचीचे एक शिल्प उभे आहे. खाली प्रवासाच्या बॅगांचा ढीग आहे आणि त्या ढिगावर एक पुरुष, एक स्त्री व एक मूल हातात हात धरून चढलेले आहेत. अंगावर ठेवणीतले कपडे. पुरुष सुटात आहे. त्यांच्या चेहऱ्यावर लाचारी नाही, की कोणाकडे काही मागितल्याचा भाव नाही. 'विंडरश स्मारक' या नावाने हे शिल्प ओळखले जाते. २२ जून २०२२ रोजी त्याचे अनावरण झाले. ते घडविणारे बॅसिल वॉटसन हे जमैकाचे शिल्पकार. त्यांचे स्वतःचे आईवडीलही १९५२ साली असेच बोटीने इंग्लंडला आले होते.

आता विंडरश म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंड खिळखिळे झालेले होते. घरे पडलेली, कारखान्यांत माणसे नाहीत, गाड्या चालवायला हात नाहीत. त्या काळात वेस्ट इंडीजची बेटे इंग्रजांच्या राज्यात होती. तिथल्या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणून उसाच्या मळ्यांवर राबविलेले. गुलामगिरी कायद्याने गेली, पण गरिबी राहिली. 'एम्पायर विंडरश' नावाची बोट जमैकाहून निघाली तेव्हा तिच्यात स्वस्तातले तिकीट सुमारे २८ पौंडांना होते. ज्यांना ते जमले ते चढले. २१ जून १९४८ रोजी ही बोट टिलबरी बंदराला लागली आणि दुसऱ्या दिवशी उतारू खाली उतरले. बोटीच्या यादीत १,०२७ माणसे होती, त्यांतली आठशेहून अधिक वेस्ट इंडीज बेटांवरून आलेली. या एका बोटीवरून त्यांच्या सगळ्या पिढीला 'विंडरश पिढी' असे नाव पडले. विंडरश स्वतः टिलबरीला लागली असली, तरी पुढच्या काळात साउदॅम्प्टन बंदरावर उतरलेले हजारो लोक आगगाडीने याच वॉटर्लू स्टेशनावर येत असत. म्हणून हे स्मारक येथे आहे.

सॅम्युएल सेल्व्हन नावाचे एक लेखक होऊन गेले. जन्म त्रिनिदादचा, वडील मद्रासकडचे. १९५० साली तेही लंडनला आले आणि १९५६ साली त्यांनी 'द लोन्ली लंडनर्स' ही कादंबरी लिहिली. तिची सुरुवात याच वॉटर्लू स्टेशनावर होते. आधी आलेला एक कामगार नव्याने येणाऱ्याला उतरवून घ्यायला स्टेशनावर जातो. मुंबईत गावाकडचा माणूस आला की त्याला उतरवून घ्यायला कोणी तरी दादरला, नाही तर भाऊच्या धक्क्यावर जातच असे. पहिली रात्र कोणाच्या खोलीत काढायची, कामासाठी कोणाला भेटायचे, हे तोच सांगे. परक्या शहरात माणसाचे पाय असेच टेकतात, मग ते शहर मुंबई असो की लंडन.

पण या शिल्पातली जी गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली, ती म्हणजे ते ठेवणीतले कपडे. भाचीने विचारले, "मामा, कामाला आलेली माणसे, मग सुटाबुटात कशी?" ही माणसे खरोखरच अशीच आली होती. त्या काळचे फोटो आहेत. टोपी, टाय, कडक इस्त्रीचा सूट, बायकांचे हातमोजे. हा काही श्रीमंतीचा थाट नव्हता. आपण कोणाच्या दारात भीक मागायला चाललेलो नाही, काम करायला चाललो आहोत, एवढेच त्यांना सांगायचे होते.

आपल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण पटविणारी नेसण्याची रीत आणि ते जाडजूड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा. त्या सभेनंतर आपल्या आया-आज्यांनी नेसण्याची रीत बदलली. गावोगावच्या पुतळ्यात बाबासाहेब कोट-टायमध्ये उभे असतात, यावरून काही शहाणे आपल्याला हसतात. त्यांनी वॉटर्लूचे हे शिल्प एकदा पाहावे. ज्याचे कपडेसुद्धा दुसऱ्यांनी ठरवून दिले होते, त्याने स्वतःच्या पसंतीचा कोट अंगात घालणे ही साधी गोष्ट नाही.

असो. कपडे चांगले होते म्हणून स्वागत चांगले झाले, असे मात्र नाही. विंडरशवरच्या ज्या लोकांना राहायला जागा नव्हती, अशा दोनशेहून अधिक जणांची सोय क्लॅपहॅम साउथ येथे जमिनीखाली युद्धकाळात बांधलेल्या बॉम्बच्या आसऱ्यात करण्यात आली. जवळचे काम मिळवून देणारे सरकारी कार्यालय ब्रिक्स्टनला होते. तेथे ही माणसे कामाला लागली आणि त्याच भागात राहू लागली. खोली भाड्याने देणे आहे, परंतु काळ्यांना नाही, अशा पाट्या दारांवर असत. 'जात कोणती?' हा प्रश्न ऐकून ज्यांनी घर शोधले आहे, त्यांना या पाटीचा अर्थ सांगावा लागणार नाही. बँका कर्ज देत नव्हत्या. मग या लोकांनी आपली भिशी सुरू केली. तिला ते 'पार्डनर' म्हणतात. दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकाने ती उचलायची. या भिशीच्या पैशांवर कित्येकांनी आपले पहिले घर घेतले. आपल्या चाळींतल्या बायकांनी भिशीवर मुलींची लग्ने केली, मुलांच्या फिया भरल्या. त्याच हिशेबाची ही गोष्ट आहे.

५ जुलै १९४८ रोजी, म्हणजे विंडरश लागल्यानंतर दोनच आठवड्यांनी, इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. ती चालवायला परिचारिका, आया, स्वयंपाकी, झाडूवाले पाहिजे होते. वेस्ट इंडीजच्या स्त्रियांनी ती जागा भरून काढली. १९५६ पासून लंडनच्या बस आणि रेल्वे खात्याने तर बार्बाडोस बेटावर जाऊन भरती केली. "आमच्या वॉर्डात आजही त्या बायांच्या मुली-नाती काम करतात," असे भाची म्हणाली, आणि शिल्पातल्या त्या स्त्रीकडे बराच वेळ पाहत राहिली.

आता मी कारकून माणूस. माझे आयुष्य आवक-जावक नोंदवह्यांत आणि दप्तरात गेलेले. त्यामुळे या लोकांच्या गोष्टीतला पुढचा भाग ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. १९७३ च्या आधीपासून तेथे राहत असलेल्या या लोकांना कायद्याने राहण्याचा हक्क होता. परंतु हा हक्क सांगणारा कागद सरकारने त्यांच्या हातात कधी दिलाच नाही. लहानपणी आईवडिलांच्या बोटाला धरून आलेली मुले तेथेच शिकली, नोकरीला लागली, कर भरू लागली. आपण येथलेच, याविषयी त्यांना शंका नव्हती. पुढे २०१२ पासून सरकारने धोरण कडक केले. नोकरी देणारा, घर देणारा, बँक आणि दवाखाना या सर्वांनी आधी कागद पाहावेत, असे नियम २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी आले. साठीला आलेल्या माणसांना विचारले गेले, की तुम्ही या देशात केव्हा आलात ते सिद्ध करा.

ते सिद्ध करण्यास उपयोगी पडली असती अशी एक वस्तू सरकारदरबारीच होती. बंदरावर उतरताना प्रत्येकाकडून भरून घेतलेले आगमनाचे कार्ड. ही हजारो जुनी कार्डे २०१० साली सरकारी खात्याने नष्ट करून टाकली होती! आपल्या कार्यालयांतही दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. कायम ठेवायचे कोणते आणि मुदत संपल्यावर फाडायचे कोणते, ते त्यावरून ठरते. 'ड' वर्गातला कागद फाडताना कोणाचा हात थरथरत नाही. परंतु कोणता कागद कोणत्या वर्गात टाकायचा, हे ठरविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो माणूस असावा लागतो. तो नसला, म्हणजे काय होते ते येथे दिसले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, घरे गेली, आजारात उपचार नाकारले गेले, काहींना कोठडीत ठेवले, काहींना देशाबाहेर काढले. एप्रिल २०१८ मध्ये हे प्रकरण बाहेर फुटले, पंतप्रधानांना माफी मागावी लागली आणि गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला. २०१९ साली नुकसानभरपाईची योजना आली. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्याच संसदेच्या समितीने सांगितले, की भरपाई हाती पडण्यापूर्वीच किमान तेवीस माणसे वारली होती.

आणि याच्याच पुढच्या वर्षी, सरकारच्या दहा लाख पौंडांतून, वॉटर्लूचे शिल्प उभे राहिले. त्या समाजातल्याच काही लोकांनी तेव्हा विचारले, की आधी आमची भरपाई द्या, मग पुतळा करा. काहींचे म्हणणे होते, की स्मारक करायचे तर ब्रिक्स्टनला करा, जेथे आमची वस्ती झाली. हे म्हणणे मला रास्त वाटते. तरीही शिल्प चुकीचे आहे, असे मी म्हणणार नाही. त्या बॅगांकडे पाहून शाळेतली मुले आपल्या आजीविषयी विचारतात, ही गोष्ट लहान नाही. परंतु सरकार एका हाताने पुतळा देते आणि दुसऱ्या हाताने कागद काढून घेते, तेव्हा नुसत्या हाराकडे पाहून टाळ्या वाजवू नयेत, एवढे आपल्याला समजले पाहिजे. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही.

दुसरे ठिकाण लंडनच्या पूर्वेकडे, हॅक्नी भागात आहे. येथे एका बाजाररस्त्यावर संगमरवराची आणि ब्राँझची तीन मोठाली फळे मांडलेली आहेत. एक सीताफळाच्या जातीचे, एक नीरफणस आणि एक हनुमानफळ. माझी पत्नी कोकणातली. ती त्या दगडी फळावर हात फिरवून म्हणाली, "अहो, हा तर आपला नीरफणस!" ऑक्टोबर २०२१ मध्ये बसविलेले हे शिल्प व्हेरोनिका रायन यांचे आहे. मॉन्टसेराट बेटावर जन्मलेल्या रायन तान्ही असताना इंग्लंडला आल्या. लहानपणी आईबरोबर रिडली रोडच्या बाजारात जाऊन ही फळे घेत असल्याची आठवण त्यांनी सांगितली आहे. २०२२ साली वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांना टर्नर पारितोषिक हा तेथील मोठा कलासन्मान मिळाला. परमुलखात गेलेला माणूस घरदार सोडतो, पण जिभेची चव सोडीत नाही. बाजारात आपल्या गावचे फळ मिळू लागले, म्हणजे ते गाव थोडे आपले झाले, असे समजावे.

तेथून जवळच हॅक्नीच्या नगरपालिकेसमोर थॉमस प्राइस या शिल्पकाराने एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन ब्राँझचे पुतळे २०२२ साली उभे केले आहेत. हे कोणा एका व्यक्तीचे पुतळे नाहीत. त्या भागातल्या, विंडरश पिढीशी नाते असलेल्या तीसहून अधिक रहिवाशांच्या प्रतिमा यंत्रावर घेऊन, त्या एकत्र करून हे चेहरे घडविले आहेत. उंच चौथरा नाही. नऊ फुटांची ही साधी माणसे रस्त्यावरच्या माणसांसारखीच उभी आहेत. बस कंडक्टर, सफाई कामगार, परिचारिका यांना नगरपालिकेच्या दारात अशी जागा मिळालेली पाहून बरे वाटले.

तिसरे ठिकाण वायव्येकडे, विल्सडेनला. येथे डॉलिस हिल स्टेशनाजवळ ग्रनविक नावाचा फोटो धुवून देण्याचा कारखाना होता. कामाला बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या भारतीय स्त्रिया. कमी पगार, सक्तीचा जादा वेळ, आणि लघवीला जायचे तरी परवानगी मागायची. २० ऑगस्ट १९७६ रोजी जयाबेन देसाई या गुजराती बाई तेथून बाहेर पडल्या आणि त्यातून संप उभा राहिला. गोऱ्या कामगारांच्या संघटना पूर्वी काळ्या-सावळ्या कामगारांना जवळ करीत नसत. या वेळी मात्र ११ जुलै १९७७ रोजी सुमारे वीस हजार लोक या साडीतल्या बायांच्या पाठीशी येऊन उभे राहिले. टपाल कामगारांनी कारखान्याची टपाले उचलायचे नाकारले. तरीही जवळजवळ दोन वर्षांनी, १४ जुलै १९७८ रोजी, संप फसला. कोणीही कामावर परत घेतले गेले नाही.

या हरलेल्या संपाचे भित्तिचित्र २०१७ साली रस्त्याकडेच्या भिंतीवर काढले गेले. ॲना फेरी या चित्रकार स्त्रीने स्थानिक लोकांना सोबत घेऊन ते केले. साड्या नेसलेल्या, हात उंचावलेल्या बाया भडक रंगांत भिंतभर दिसतात. गाड्या शेजारून जातात, मुले शाळेतून येतात. १९८२ च्या गिरणी संपाची झळ ज्या घरांना लागली, त्या घरातला मी असल्यामुळे या भिंतीपुढे मी जास्त वेळ थांबलो. संप हरला म्हणजे त्या माणसांची गोष्ट संपली, असे आपल्याकडे धरून चालतात. जयाबेन २०१० साली वारल्या. आज त्या कारखान्याच्या मालकाचे चित्र कोठे नाही, या बायांचे आहे. शिवाय ही भिंत कोणा मंत्र्याने दिलेली नाही. त्यांच्या आठवणी जपणाऱ्या लोकांनी ती मिळविली.

तीनही ठिकाणे पाहून घरी आल्यावर मी भाचीला एकच गोष्ट सांगितली. नेमणुकीचे पत्र, व्हिसाचे कागद, पगाराची चिठ्ठी, घरभाड्याची पावती, एकही फेकायचा नाही. ती हसली आणि म्हणाली, "मामा, तुमची सगळी सवय माझ्यात आली आहे," आणि तिने कपाटातून फाइल काढून दाखविली.

हेच मला आपल्या कुटुंबांना सांगायचे आहे. आपलेही आजे-पणजे गाव सोडून मुंबईला, नागपूरला, पुण्याला आले. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत, कोणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबले. आज नातवाचा जातीचा दाखला काढायचा म्हटला, की १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात आणि मग आपण गावाकडे धावतो. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत नाव घालायचे म्हटले, की गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचा नंबर, फंडाची चिठ्ठी शोधत ट्रंका उपसतो. ज्यांनी ते जपले त्यांचे काम झाले. म्हणून घरातल्या प्रत्येक जुन्या कागदाची झेरॉक्स काढून एका फाइलमध्ये लावा आणि मुलांना ती कोठे आहे ते दाखवून ठेवा.

कागदाबरोबर फोटोही जपा. विंडरशच्या लोकांचे ठेवणीतल्या कपड्यांतले फोटो राहिले, म्हणून शिल्पकाराला त्यांचा सूट घडविता आला. आपल्या आजोबांचा चाळीच्या गॅलरीत काढलेला, आजीचा पांढरे लुगडे नेसून दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीवर काढलेला एखादा फोटो भिंतीवर असेल. या रविवारी तो खाली काढा. घरात जे वडीलधारे आहेत त्यांना विचारून फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल आणि कोठे कामाला होते ते लिहा. त्या माणसाचा पुतळा कधी काळी होईल की नाही, ते आपल्या हातात नाही. पण विचारणारा नातू उद्या घरात येईल, तेव्हा त्याला उत्तर मिळाले पाहिजे, एवढे आपल्या हातात आहे.

जयभीम!